धुऱ्यावरची वाट आणि न्यायालयाची वाट



मृग नक्षत्र जवळ आले की जालना जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांच्या आवारात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. हातात सातबारा, काखेतल्या पिशवीत जीर्ण झालेले वाटणीपत्र, सोबत गावातील दोन वडीलधारी माणसे आणि तोंडी एकच तक्रार : "भावकीने वाट नांगरली." शहरात वाढलेल्या माणसाला ही तक्रार किरकोळ वाटेल. पण बागेत मोसंबी तोडणीला आलेली असताना टेम्पो धुऱ्यापाशी अडला, तर व्यापारी माल तसाच सोडून जातो. वापसा आहे तोवर ट्रॅक्टर आत गेला नाही, तर हंगाम हातचा जातो. वाट नसलेले शेत सातबाऱ्यावर असून नसल्यासारखेच.

'कॉमन लॉ' म्हणजे काय, त्याची मूलतत्त्वे कोणती आणि न्यायालये ती प्रत्यक्षात कशी लावतात, हे या एवढ्याशा वादातून जितके स्वच्छ दिसते तितके जाडजूड ग्रंथांतून दिसत नाही. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ दिल्ली-मुंबईच्या गाजलेल्या खटल्यांपासून न करता अंबड-घनसावंगीच्या शिवारापासून करणे उचित ठरेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'कॉमन लॉ' हा शब्द ऐकला की चांगल्या सुशिक्षितांच्याही मनात 'समान नागरी कायदा' उभा राहतो. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. समान नागरी कायदा हा संविधानाच्या ४४व्या अनुच्छेदाचा विषय असून तो विवाह, वारसा, दत्तक यांच्याशी निगडित आहे. 'कॉमन लॉ' म्हणजे कोणत्याही विधिमंडळाने बसून न लिहिलेला, तर न्यायाधीशांनी खटल्यामागून खटला निकाली काढताना रूढी आणि विवेक यांच्या आधारे घडवत नेलेला कायदा. इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, म्हणजे ११५४ ते ११८९ या काळात, राजाचे न्यायाधीश परगण्या-परगण्यांतून फिरत असत. ठिकठिकाणच्या निरनिराळ्या रूढींतून त्यांनी साऱ्या राज्याला लागू पडतील असे नियम हळूहळू निवडून काढले. सर्वांना सामाईक, म्हणून 'कॉमन'. रूढी, पूर्वी दिलेले निर्णय आणि न्यायबुद्धी या तीन गोष्टींवर ही सारी इमारत उभी आहे.

हा कायदा आपल्याकडे आला तो इंग्रजांबरोबर, हे खरे. परंतु तो रिकाम्या भूमीवर आला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. शेताच्या हद्दीचा वाद निर्माण झाला तर कोणाला विचारावे, याचे उत्तर तेथे स्पष्ट दिलेले आहे : लगतच्या शेतांचे धनी, गावातील वृद्ध, गुरे राखणारे गोपाळ, शिवेलगत नांगर धरणारे आणि रानात वावरणारे. अर्थात, ज्यांचे पाय त्या भूमीवरून रोज चालतात त्यांना. मराठेशाहीत हेच काम गोतसभा करीत असे. गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे प्रतिष्ठित एकत्र बसत, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कायद्याच्या बाबतीत ज्या 'व्यवहारमयूख' ग्रंथाला मोठे स्थान दिले, त्याचे कर्ते नीलकंठ भट्ट हे काशीचे असले तरी त्यांचे घराणे मूळचे आपल्या गोदाकाठच्या पैठणचे होते. जालन्याच्या श्रोत्यांना एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

तथापि कॉमन लॉ मूळचा आमचाच होता, असे म्हणणे ही अतिशयोक्ती ठरेल, आणि अशा अतिशयोक्तीने परंपरेचा गौरव होत नाही. गोतसभेचा निवाडा त्या वादापुरता असे. शेजारच्या परगण्यातील गोतसभेने गेल्या साली काय ठरवले, हे पाहण्याचे बंधन पुढच्या गोतसभेवर नव्हते. निर्णय नोंदवून ठेवणे, त्यामागची कारणे शोधणे आणि तीच कारणे पुढच्या सारख्या वादाला लावणे, ही शिस्त कॉमन लॉची आहे.

एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ साली जो चौथा विनियम झाला, त्याचे सव्विसावे कलम या दृष्टीने फार बोलके आहे. न्यायाधीशाने प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे पाहावेत. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उद्भवला त्या मुलखाची रूढी पाहावी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा पाहावा. आणि काहीच नसेल तर न्याय, समदृष्टी व सद्सद्विवेकबुद्धी यांनुसार निर्णय द्यावा, असा तो क्रम होता. म्हणजे लिखित कायद्याच्या पाठोपाठचे आसन गावच्या रूढीला होते. पुढे १८६८ साली रामनाड जमीनदारीतील दत्तकाच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने तर स्पष्टच सांगितले, की हिंदू कायद्यात स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ग्रंथातील वचनापेक्षाही वरचढ ठरते.

जालना त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व तेथील कायदे निराळे होते. जमिनीसाठी हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली लागू होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. महसुलाचा कायदा मात्र सबंध राज्याला एक होण्यासाठी १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम यावा लागला. संविधानाच्या ३७२व्या अनुच्छेदाने जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ नंतरही पूर्वीच्या न्यायालयांनी घडवलेली तत्त्वे एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत.

आता आपल्या वाटेकडे वळू. एक उदाहरण कल्पनेने समोर ठेवू. अंबड तालुक्यातील एका आजोबांची पंधरा एकर जमीन. १९७२च्या दुष्काळानंतर दोन मुलांत वाटणी झाली. रस्त्यालगतचा भाग थोरल्याकडे, विहिरीकडचा आतला भाग धाकट्याकडे. धाकट्याची बैलगाडी थोरल्याच्या शेतातून, धुऱ्याला धरून जाऊ लागली. भाऊ-भाऊ होते तोवर कोणी काही बोलले नाही. चुलतभावांच्या पिढीतही निभावले. तिसऱ्या पिढीत थोरल्या पातीच्या नातवाने ठिबकच्या नळ्या अंथरल्या, वाट मोडून नांगरली आणि सांगितले, "काका, तुमची वाट नकाशात कुठंय ते दाखवा." काका न्यायालयात आले.

न्यायाधीश या प्रकरणात स्वतःला काय योग्य वाटते एवढेच पाहून निकाल देऊ शकत नाहीत. काकांची दया आली म्हणून वाट मिळत नाही आणि नातू उद्धट बोलला म्हणून ती मिळत नाही. वाटेच्या हक्काची जी तत्त्वे इंग्लंडच्या न्यायालयांत शतकानुशतके घडली, ती १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात कलमबद्ध झाली आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क मुख्यतः तीन मार्गांनी मिळू शकतो, आणि काकांचा मार्ग कोणता, हाच सारा प्रश्न आहे.

पहिला मार्ग दीर्घ वहिवाटीचा. वीस वर्षे वाट वापरलेली असली पाहिजे. पण कशीही नव्हे. जुन्या रोमन कायद्यातून कॉमन लॉने उचललेली तीन पथ्ये येथे लागतात : बळाने नाही, चोरून नाही, मागून नाही. शेजाऱ्याला दमदाटी करून वापरलेली वाट हक्क देत नाही. रात्री-अपरात्री लपून वापरलेलीही देत नाही. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे, आणि गावातील माणसाला सर्वांत कमी ठाऊक असलेले. समजा, वडिलांनी दरवर्षी विचारले असेल, "तात्या, अवंदा एवढी गाडी जाऊ द्या," आणि तात्या म्हणाले असतील, "जा की बाबा, तुला कोण नाही म्हणतंय?" तर पन्नास वर्षे वाट वापरूनही हक्क निर्माण होत नाही. कारण ती परवानगी होती, आणि परवानगी देणारा ती काढून घेऊ शकतो.

वरवर पाहता हे कठोर वाटते. थोडा विचार केला तर त्यामागचे शहाणपण ध्यानात येते. मोठ्या मनाने शेजाऱ्याला वाट देणाऱ्याची जमीन त्याच्या चांगुलपणामुळेच बोजाखाली जाणार असेल, तर पुढे कोणीही कोणाला वाट देणार नाही. प्रत्येक जण पहिल्याच दिवशी काटेरी तार ठोकील. सौजन्य दाखवणाऱ्याला शिक्षा होऊ नये, हा या नियमाचा गाभा आहे.

वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वीस वर्षांचा हा काळ दावा दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असला पाहिजे. वाट मोडल्यावर 'बघू, समजावून सांगू' म्हणत तीन-चार वर्षे घालवली, तर पूर्वीची चाळीस वर्षेही वाया जाऊ शकतात. जमीन सरकारची असेल तर वीसऐवजी तीस वर्षे लागतात. आणि दुसरे म्हणजे, दाव्यात 'अनेक वर्षांपासून' असे मोघम लिहून भागत नाही. महाराष्ट्रातीलच एका रस्त्याच्या वादात एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच दाखवून दिले. त्या दाव्यात वीस वर्षांचा स्पष्ट उल्लेख नव्हता, जुना मालक साक्षीला आलेला नव्हता, आणि ज्यांचा हक्क होता त्यांच्याऐवजी त्यांचा मुखत्यार साक्ष देत होता. जी गोष्ट मुखत्याराने स्वतः पाहिलेली नाही, तिची साक्ष तो मालकाच्या वतीने देऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. याज्ञवल्क्याने गोपाळांना आणि शिवेलगत नांगरणाऱ्यांना का बोलावले होते, हे येथे कळते. पाहिलेला माणूस पाहिजे. आणि पाहिलेली माणसे गावोगाव ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

दुसरा मार्ग गरजेचा. एकच जमीन वाटणीने वा विक्रीने दुभंगली आणि आतल्या तुकड्याला बाहेरच्या तुकड्यातून जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर कायदा असे धरतो, की वाटणी करतानाच वाटही दिली गेली होती. आतले शेत दिले पण वाट दिली नाही, असे कोणताही समंजस बाप करणार नाही. काकांच्या प्रकरणात हे तत्त्व चपखल बसते, कारण दोन्ही शेते आजोबांच्या एकाच खात्याची होती. वीस वर्षांचीही आवश्यकता नाही. पण येथेही एक अट आहे. गरज म्हणजे सोय नव्हे. दुसरीकडून लांबची, चिखलाची, वळशाची का होईना, पण हक्काची वाट असेल, तर 'गरज' हा आधार कोसळतो. गोव्यातील एका वाटेच्या खटल्यात, जो २००५च्या निर्णयसंग्रहात छापलेला आहे, सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी वाट असल्याची आणि वीस वर्षांच्या वापराचा नेमका पुरावा नसल्याची दखल घेऊन हक्क नाकारला. शिवाय गरजेने मिळालेली वाट गरज संपताच संपते. उद्या काकांच्या शेताच्या मागून नवा रस्ता निघाला, तर नातवाला धुरा मोकळा मिळेल.

तिसरा मार्ग लेखी वा तोंडी करारातून दिलेल्या वाटेचा. आजोबांच्या वाटणीपत्रात एक ओळ असते : 'धाकट्याने थोरल्याच्या शेतातून पूर्वेच्या धुऱ्याने गाडी न्यावी.' ही एक ओळ असेल तर सारे चित्र बदलते. अशी दिलेली वाट गरज संपली म्हणून संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तमिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. पेटीच्या तळाशी पडलेला कागद दोन पिढ्यांचे भांडण मिटवू शकतो तो असा.

पूर्वनिर्णय म्हणजे काय, हे आता सांगणे सोपे जाईल. काकांचे वकील तमिळनाडूचा निर्णय पुढे ठेवतील, नातवाचे वकील गोव्याचा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, आणि १४१व्या अनुच्छेदाप्रमाणे दोन्ही जालन्याच्या न्यायालयावर बंधनकारक. मग न्यायाधीश काय करतात? निर्णयातील प्रत्येक वाक्य बंधनकारक नसते. ज्या वस्तुस्थितीवर आणि ज्या कारणाने निकाल लागला तो गाभा, ज्याला वकील 'रेशिओ' म्हणतात, तेवढा बांधून ठेवतो; ओघात केलेली इतर विधाने आदरणीय असली तरी बंधनकारक नसतात. म्हणून खरा युक्तिवाद कायद्यापेक्षा वस्तुस्थितीवर होतो. गोव्याच्या प्रकरणात दुसरी वाट होती. येथे ती आहे का? तमिळनाडूच्या प्रकरणात वाट दस्तात दिलेली होती. येथे तसा दस्त आहे का? वस्तुस्थिती जुळली तर निर्णय लागू. न जुळली तर तो सन्मानाने बाजूला ठेवायचा. सारख्याला सारखा न्याय, वेगळ्याला वेगळा, एवढाच याचा अर्थ.

या व्यवस्थेत उतरंड आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय, मग तो मुंबईत झालेला असो, नागपूरला, गोव्यात की छत्रपती संभाजीनगरला, जालन्याच्या न्यायालयाला पाळावा लागतो. इतर राज्यांच्या उच्च न्यायालयांचे निर्णय मार्गदर्शक ठरतात, बंधनकारक नव्हेत. सर्वोच्च न्यायालय मात्र स्वतःची चूक दुरुस्त करू शकते. १९५५च्या बंगाल इम्युनिटी प्रकरणात त्याने तसे सांगितलेही आहे.

अनेकांना असे वाटते, की पूर्वनिर्णयांना बांधलेले न्यायालय म्हणजे इंग्रजांच्या उसन्या अंगरख्यात वावरणारे न्यायालय. या आक्षेपाला एक चांगले उत्तर आहे. १८६८ साली इंग्लंडच्या उमरावसभेने एका गिरणीमालकाच्या तळ्याचा निकाल दिला. तळे फुटून शेजाऱ्याच्या खाणीत पाणी शिरले होते. धोका निर्माण करणारी वस्तू आपल्या जागेत साठवणाऱ्याने, ती निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास, निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यावी, असे ठरले. कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या, त्या जिल्ह्यात हे तत्त्व कोणालाही चटकन उमजेल. पण इंग्रजी नियमाला दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य असे अनेक अपवाद होते. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियम वायूची गळती झाली, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २० डिसेंबर १९८६च्या निर्णयात सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा नियम आजच्या भारताला पुरा पडत नाही असे सांगितले, आणि घातक उद्योग चालवणाऱ्यावर कोणत्याही अपवादाविना पूर्ण दायित्व टाकले. पोलादाच्या भट्ट्या ज्या शहरात रात्रंदिवस धगधगतात, त्या जालन्याला हा निर्णय ठाऊक असायलाच हवा. अंगरखा उसना होता. तो आपल्या मापाने बेतून घेतला गेला.

काकांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याआधी तहसीलदारांकडेही जाता येते. १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करून मागता येतो. अट इतकीच, की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे. महसूल अधिनियमाचे १४३वे कलम निराळे आहे. त्याखाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट ठरवून देऊ शकतात, आणि तसे करताना शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याची वाजवी सोय मिळावी हे त्यांनी पाहायचे असते. शेताच्या मधोमध वाट काढून देण्याचे कलम हे नव्हे. बरेच अर्ज चुकीचे कलम लिहिल्यामुळे वर्ष-दोन वर्षे भटकतात, ही खेदाची गोष्ट आहे. १४३खालील निर्णयावर नाराज असलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो.

तहसीलदार असोत की न्यायाधीश, दोन नियम त्यांना कोणीही माफ करू शकत नाही. दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय नको. आणि स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश नको. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याला न ऐकता काढून घेतल्या, तेव्हा न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. तेथील एका न्यायाधीशाने बायबलमधील कथेची आठवण दिली, की देवानेही आदमला नंदनवनातून घालवण्यापूर्वी त्याचे म्हणणे विचारले होते. दुसऱ्या नियमाचे उदाहरण १८५२चे. इंग्लंडच्या खुद्द लॉर्ड चॅन्सेलरने एका कालवा कंपनीच्या बाजूने निर्णय दिला होता, आणि त्या कंपनीत त्याचे भाग होते. त्याने पक्षपात केला असे कोणीही म्हटले नाही. तरीही तो निर्णय रद्द झाला. गावच्या वाटेच्या पाहणीला एका बाजूचा साडूच पंच म्हणून उभा केला, तर तो कितीही सरळ माणूस असो, दुसऱ्या बाजूला तो पंचनामा आपला वाटणार नाही. काकांचा अर्ज कितीही खरा असला तरी नातवाला नोटीस न देता, जागेवर दोघांना बोलावल्याविना काढलेला वाटेचा आदेश वरच्या न्यायालयात टिकणे कठीण. मग काकांची सारी धावपळ पुन्हा पहिल्यापासून.

वरचे न्यायालय, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगर. आज जालन्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. १९८१पूर्वी हे अंतर मुंबईचे होते. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला, त्या वेळच्या औरंगाबाद शहरात, मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. या आदेशालाही आव्हान दिले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ५१व्या कलमाचा अर्थ लावून तो वैध ठरवला, आणि १९८४मध्ये खंडपीठ कायम झाले. याच कलमाच्या आधारे १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरातही फिरते खंडपीठ चालू लागले. मराठवाड्याच्या प्रकरणात लावलेला अर्थ चार दशकांनंतर पश्चिम महाराष्ट्राच्या मदतीला आला. पूर्वनिर्णयाचा उपयोग याहून अधिक स्पष्ट कोणता?

भाषेची अडचण मात्र अजून पुरती सरलेली नाही. १९९८च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निर्णय इंग्रजीत असतात. ज्या निर्णयाने आपली वाट गेली वा मिळाली, तो वाचता न येणारा शेतकरी 'वकील सांगतील ते' यावरच विसंबतो. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निर्णयांचे भारतीय भाषांतील अनुवाद संकेतस्थळावर ठेवण्यास आरंभ केला आहे, त्यांत मराठी आहे. गावच्या वाचनालयांनी आणि शिकल्या-सवरल्या तरुणांनी वाटा-बांधांचे असे निर्णय छापून ठेवले, तर ते मोठे उपयोगाचे काम होईल.

राहिला काकांचा निकाल. दावा दाखल झाल्यावर ते प्रथम तात्पुरता मनाई हुकूम मागतील. न्यायालय तीन गोष्टी पाहील : सकृद्दर्शनी बाजू कोणाची आहे, हुकूम दिल्याने वा न दिल्याने कोणाची अधिक अडचण होईल, आणि होणारे नुकसान पैशाने भरून येण्यासारखे आहे काय. शिवाय मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. दुसरीकडून जाणारी वाट काकांनी अर्जात दडवली असेल, तर बाकी सारे खरे असूनही त्यांचा अर्ज फेटाळला जाण्याची भीती आहे. पुढे न्यायालय कमिशनर नेमील. मोजणीदार साखळी घेऊन धुऱ्यावर उभा राहील. गावचे दोन म्हातारे बोटाने वाट दाखवतील.

अशा वेळी बहुधा कोणीतरी लोकअदालतीचा विषय काढतो. तेथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखीच मानली जाते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मात्र 'दोघांनी समजुतीने वागावे' एवढेच लिहून तडजोड होत नाही. कोणत्या गटातून, कोणत्या दिशेच्या धुऱ्याने, किती फूट रुंद, ट्रॅक्टर आणि मालाचा टेम्पो जाईल की केवळ बैलगाडी, ठिबकची मुख्य नळी वाटेखालून कोणी व किती खोल घ्यायची, पावसाळ्यात मुरूम कोणी टाकायचा, आणि ही वाट दोन्ही बाजूंच्या वारसांवर बंधनकारक राहील, हे सारे कागदावर आले पाहिजे. मग ती वाट गरजेची राहत नाही, दिलेली होते. त्यावर काकांची सही, नातवाची सही, आणि दोन्ही सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात तशी नोंद.